वेबपानावरील बोलके पात्र आणि त्याचा बोलविता धनी

वेबपानात बसवलेले संवादी पात्र म्हणजे वाचकाने लिहिलेल्या किंवा उच्चारलेल्या वाक्याला वाक्यानेच उत्तर देणारी, स्वतःचे नाव, स्वभाव आणि पुष्कळदा चेहराही असलेली, पण ज्या पानावर ती दिसते त्या पानाच्याच वतीने बोलणारी संगणकीय रचना. अशा पात्रांचा इतिहास बहुधा यंत्राच्या बुद्धीच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आरंभी ती अडाणी होती, पुढे शहाणी झाली. ही मांडणी खोटी नसली तरी अपुरी आहे, कारण पात्राची संहिता कुठे ठेवलेली आहे, ते कुणाच्या यंत्रावर चालते आणि त्याच्याशी झालेले बोलणे अखेर कुणाच्या हाती पडते, या प्रश्नांची उत्तरे दर काही वर्षांनी बदलत गेली आणि त्या बदलांनीच पात्राचे रूप, त्याची मर्यादा आणि त्याच्याविषयीच्या तक्रारी ठरवल्या. पाहणाऱ्याला दिसते ते पात्र. त्याचा बोलविता धनी मात्र प्रत्येक पिढीत वेगळ्या ठिकाणी बसलेला आढळतो.

या परंपरेचे मूळ वेबच्या जन्माआधीचे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६४ ते १९६६ या काळात ‘एलायझा’ नावाचा कार्यक्रम तयार केला आणि जानेवारी १९६६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील, शिकवून बोलायला लावलेल्या फुलवालीचे नाव या कार्यक्रमाला देण्यात आले होते, पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे मराठी प्रेक्षक त्याच मुलीला मंजुळा म्हणून ओळखतात. एलायझाची रीत साधी होती. वापरणाऱ्याच्या वाक्यातील महत्त्वाचा शब्द हेरायचा, त्या शब्दाला जोडलेल्या नियमानुसार वाक्याचे तुकडे करायचे, ‘मी’चे ‘तुम्ही’ आणि ‘माझे’चे ‘तुमचे’ करायचे आणि ते तुकडे एखाद्या प्रश्नात बसवून परत करायचे. परंतु वायझेनबाउम यांनी केलेली खरी दूरगामी गोष्ट निराळीच होती: वाक्ये चालवणारे यंत्र आणि बोलणाऱ्याचा स्वभाव या दोहोंना त्यांनी वेगळे ठेवले. स्वभाव एका स्वतंत्र संहितेत, म्हणजे नियमांच्या यादीत, लिहिलेला असे आणि संहिता बदलली की त्याच यंत्रातून दुसरेच पात्र बोलू लागे. प्रसिद्धी पावली ती ‘डॉक्टर’ ही संहिता, म्हणजे रुग्णाचेच शब्द त्याला परत ऐकवणाऱ्या मानसोपचारकाची भूमिका. जगाविषयी काहीही ठाऊक नसले तरी जिच्यात वेळ निभावून नेता येते अशी ही भूमिका त्यांनी हेतुपूर्वक निवडली होती. पात्र म्हणजे बदलता येणारी एक फाईल, ही कल्पना येथून सुरू होते आणि आजतागायत टिकून आहे.

या प्रयोगातील दुसरी एक घटना पुढच्या सर्व इतिहासाची चाहूल देणारी आहे. लोक यंत्राशी काय बोलतात याच्या नोंदी आपण तपासाव्यात, असा विचार वायझेनबाउम यांनी बोलून दाखवला तेव्हा हे खासगी मनोगतांवर हेरगिरी करणे आहे, असा आक्षेप त्यांच्यावर घेण्यात आला. समोर माणूस नाही हे ठाऊक असूनही बोलणाऱ्यांनी आपले बोलणे खासगी मानले होते. १९७६ च्या आपल्या ग्रंथात वायझेनबाउम यांनी या भाबडेपणाविषयी तीव्र अस्वस्थता व्यक्त केली आणि आयुष्याचा पुढचा बराच काळ ते यंत्राला माणसाचे स्थान देण्याच्या विरोधात लिहीत राहिले.

केनेथ कोल्बी यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७२ मध्ये ‘पॅरी’ हे संशयग्रस्त रुग्णाचे पात्र घडवले, आणि त्याच वर्षी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरून पॅरी आणि डॉक्टर यांची एकमेकांशी गाठ घालून देण्यात आली. उपचारकही यंत्र आणि रुग्णही यंत्र असा तो विनोदी संवाद त्या जाळ्याच्या अधिकृत टिपणांत जानेवारी १९७३ पासून नोंदलेला आहे. १९९४ मध्ये मायकेल मॉल्डिन यांनी अशा कार्यक्रमांसाठी ‘चॅटरबॉट’ ही संज्ञा रूढ केली. त्यांचे ‘जुलिया’ हे पात्र अनेक जण एकाच वेळी वावरू शकतील अशा, केवळ शब्दांनी उभ्या केलेल्या खेळांच्या जगात फिरत असे, तिथल्या लोकांशी गप्पा मारी आणि वाट विचारणाऱ्याला वाटही सांगे. वेब शोधण्याचे ‘लायकॉस’ हे साधन उभारणारे मॉल्डिनही हेच, हा योगायोग लक्षणीय आहे.

वेबवर आल्यावर पात्रापुढे एक मूलभूत अडचण उभी राहिली. वेबपान हे मुळात वाचण्यासाठी होते, बोलण्यासाठी नव्हते. वाचकाचा ब्राउझर सर्व्हरकडे, म्हणजे पाने साठवून मागणीनुसार पुरवणाऱ्या दूरच्या संगणकाकडे, पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि त्या क्षणी दोघांमधील व्यवहार संपतो. आधी काय घडले याची आठवण ठेवण्याची कोणतीही सोय त्या व्यवहारात नाही. संवादाला तर आठवण हवीच. १९९३ पासून उपलब्ध झालेल्या सीजीआय या पद्धतीने सर्व्हरवरील कार्यक्रमाला पानावरील अर्जात भरलेला मजकूर पोहोचवता येऊ लागला आणि एलायझाच्या वंशातील पात्रे वेबवर आली, पण प्रत्येक वाक्यागणिक संपूर्ण पान नव्याने उतरवून घ्यावे लागे आणि मागचे बोलणे अर्जाच्या अदृश्य रकान्यांत दडवून परत पाठवावे लागे. १९९५ मध्ये जावा ॲपलेट, म्हणजे पानासोबत उतरून वाचकाच्याच यंत्रावर चालणारा छोटा कार्यक्रम, आणि त्याच वर्षी जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्येच चालणारी भाषा आली, तेव्हा पात्राला सर्व्हरकडे न जाता जागच्या जागी उत्तर देणे शक्य झाले. अशा पात्राशी झालेले बोलणे वाचकाच्या यंत्राबाहेर जाण्याचे कारणच उरले नव्हते. या मांडणीचा हा गुण त्या वेळी कुणाला फारसा मोलाचा वाटला नाही.

चेहरा मात्र वेगळ्या वाटेने आला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात जीन बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘पर्सोना’ या प्रकल्पात एक पोपट घडवला. पीडी नावाचा हा पोपट बोललेले वाक्य ऐकून त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न करी आणि हव्या त्या गाण्याची तबकडी लावून देई. स्टॅनफर्डचे प्राध्यापक क्लिफर्ड नॅस आणि बायरन रीव्ह्ज यांचे संशोधन याच सुमारास प्रसिद्ध झाले. माणसे यंत्रांशी नकळत सामाजिक शिष्टाचारानेच वागतात, हा त्याचा निष्कर्ष. यंत्राला चेहरा दिल्यास ते वापरणे सोपे होईल, असे अनुमान त्यावरून काढणे उत्पादकांना सोयीचे वाटले. १९९५ मधील ‘मायक्रोसॉफ्ट बॉब’ हे घराच्या खोल्या आणि त्यांतील पात्रे दाखवणारे उत्पादन वर्षभरातच बंद पडले, तरी ते अनुमान बंद पडले नाही.

त्यातूनच ‘मायक्रोसॉफ्ट एजंट’ हे तंत्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वसामान्य वेबलेखकाच्या हाती आले, आणि वेबपानात पात्र बसवणे या क्रियेला प्रथमच एक ठरीव रीत मिळाली, म्हणून त्याची रचना थोडी तपशिलात पाहणे योग्य ठरेल. या तंत्रासोबत चार तयार पात्रे मिळत: जादूगार मर्लिन, दिव्यातला जिन, रोबी हा यंत्रमानव आणि पीडी पोपट. पानाच्या मजकुरात ‘ऑब्जेक्ट’ नावाची खूण घालून तीत एजंटचा लांबलचक ओळखक्रमांक लिहायचा, म्हणजे ब्राउझर ॲक्टिव्हएक्स या मार्गाने वाचकाच्या यंत्रावरील एजंटला जागे करी. ॲक्टिव्हएक्स म्हणजे विंडोजमधील तयार घटक वेबपानाच्या हुकमतीत देण्याची सोय. त्यानंतर पानातील संहितेत पात्र आण, दाखव, अमुक ठिकाणी ने, हात हलव, हे वाक्य बोल, अशा एकेका ओळीच्या आज्ञा लिहिल्या की त्या क्रमाने पार पडत. पात्राची हालचाल दोन प्रकारे साठवता येई: सर्व चित्रे एकाच फाईलमध्ये, किंवा वेबसाठी प्रत्येक हालचालीची फाईल वेगळी, जेणेकरून टेलिफोनच्या तारेवरून मंद गतीने चालणाऱ्या जोडणीवर फक्त लागेल तेवढीच हालचाल उतरवून घेता यावी. उच्चारासाठी लर्नाउट अँड हाउस्पी या बेल्जियन कंपनीचे वाचायंत्र वापरले जाई आणि ते ज्या भाषांत बोले त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती.

या रचनेतील सर्वांत चमत्कारिक बाब म्हणजे पानात बसवलेले हे पात्र पानात बसतच नसे. ते स्वतःच्या पारदर्शक खिडकीतून ब्राउझरच्याही वर, वाचकाच्या पडद्यावर कुठेही उभे राही, कारण ते त्या संकेतस्थळाचे नसून वाचकाच्या यंत्राचे होते. संकेतस्थळ केवळ त्याला काय बोलायचे ते सांगत असे. एका संकेतस्थळावर स्वागत करणारा मर्लिन पुढच्या संकेतस्थळावर विनोद सांगे, आणि दोन्ही ठिकाणी तो तोच असे. शिवाय ते ऐकत असले तरी समजत नसे. वाचकाने ठरावीक कळ दाबून धरून बोलायचे आणि पानाच्या लेखकाने आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांपैकी एखादी जुळली तर पात्राने तिला प्रतिसाद द्यायचा, इतकाच तो संवाद होता. प्रयोगशाळेतल्या पीडीला जे थोडे आकलन होते तेही या बाजारी आवृत्तीत उरले नाही आणि मराठीत जिला पोपटपंची म्हणतात तीच तेवढी शिल्लक राहिली.

अशीच कापाकापी मायक्रोसॉफ्टच्याच ऑफिस ९७ मधील मदतनिसाच्या वाट्याला आली. केवन ॲटबेरी यांनी रेखाटलेली, भुवया उंचावणारी ती कागदाची क्लिप वेबपानावरील नव्हती, तरी पुढच्या सर्व वेबपात्रांविषयी लोकांचे मत तिने ठरवले. तिच्यामागे एरिक हॉर्विट्झ यांच्या ‘ल्युमिएर’ प्रकल्पाचे संशोधन होते. वापरणाऱ्याच्या हालचालींवरून त्याला काय साधायचे आहे याचा संभाव्यतेच्या गणिताने अंदाज घ्यायचा, त्याची जाण कितपत आहे हे लक्षात ठेवायचे आणि व्यत्यय आणणे फायद्याचे असेल तेव्हाच बोलायचे, असा त्याचा आराखडा होता. प्रत्यक्ष उत्पादनात वापरणाऱ्याची दीर्घकालीन ओळख ठेवण्याचा भाग गाळला गेला आणि केवळ अलीकडच्या काही हालचालींवरून निर्णय होऊ लागला. परिणामी क्लिप प्रत्येकाला रोज नव्याने भेटल्यासारखी वागे. ऑफिस २००७ मध्ये ती पूर्णपणे काढून टाकण्यात आली. तिचे अपयश हे चेहऱ्याचे अपयश म्हणून सांगितले जाते, वास्तविक ते विस्मरणाचे होते.

पात्र वाचकाच्याच यंत्रावर राहते, या व्यवस्थेचा दुरुपयोगही लवकरच झाला. १९९९ च्या सुमारास आलेला ‘बॉन्झीबडी’ आरंभी पीडीचेच रूप घेऊन वावरे आणि नंतर जांभळा गोरिला झाला. गप्पा, गाणी आणि विनोद यांच्या आडून तो जाहिरातींची वाट मोकळी करी. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केलेल्या कारवाईत त्याच्या निर्मात्यांना २००४ मध्ये ७५,००० डॉलर दंड भरावा लागला. ॲक्टिव्हएक्सला एकदा परवानगी दिली की आलेल्या पाहुण्याला घरात कुठेही फिरता येते, हे तोवर सर्वांच्या लक्षात आले होते. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने एजंटचा आधार काढून घेतला आणि हजारो हौशी पानांवरचे जादूगार आणि पोपट एकाएकी मुके झाले.

ज्यांना चेहरा नव्हता पण बोलता येत होते, अशा पात्रांची शाखा या काळात वेगळी वाढत होती. रिचर्ड वॉलेस यांनी १९९५ मध्ये ‘ॲलिस’ या पात्रावर काम सुरू केले. त्यासाठी घडलेली एआयएमएल ही खुणांची भाषा वेबपान लिहिणाऱ्याला ओळखीची वाटेल अशीच होती: एका खुणेत अपेक्षित वाक्याचा साचा, दुसऱ्या खुणेत त्याचे उत्तर आणि एका साच्याकडून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय, ज्यामुळे एकच गोष्ट विचारण्याच्या अनेक तऱ्हा एकाच उत्तराकडे वळवता येत. माणसे वाटते तितकी विविध बोलत नाहीत, थोडक्याच वाक्यारंभांनी बहुतेक बोलणे व्यापलेले असते, हे वॉलेस यांचे निरीक्षण या साऱ्या खटाटोपाचा पाया होते, आणि बहुश्रुत असल्याचा आव न आणणारी ही नम्र भूमिका त्या काळच्या अनेक भव्य दाव्यांपेक्षा अधिक टिकाऊ ठरली. यंत्राच्या संवादकौशल्याची परीक्षा घेणारे लोबनर पारितोषिक ॲलिसला २०००, २००१ आणि २००४ मध्ये मिळाले. एआयएमएलमधील पात्रे ‘पॅन्डोराबॉट्स’सारख्या सेवेच्या सर्व्हरवर ठेवता येत आणि आयफ्रेमच्या, म्हणजे एका पानाच्या आत दुसरे पान दाखवणाऱ्या चौकटीच्या, साहाय्याने कोणत्याही संकेतस्थळावर दाखवता येत.

या चौकटीने पात्राचा पत्ता बदलला. आता ते वाचकाच्या यंत्रावर राहत नव्हते आणि पानाच्या मालकाकडेही नव्हते. ते तिसऱ्याच ठिकाणी राहून पानावर केवळ प्रकट होत होते. पात्राचा कर्ता, ज्याला बॉटमास्टर म्हणत, तो झालेल्या संभाषणांच्या नोंदी वाची आणि जिथे उत्तर अडखळले असेल तिथे नवा साचा भरी. पात्र सुधारण्याचा हाच मान्य मार्ग होता. एलायझाच्या काळात ज्या कल्पनेला हेरगिरी म्हटले गेले होते तीच आता देखभालीची नित्याची पद्धत बनली, आणि त्याविरुद्ध तसा गलबला झाल्याचे दिसत नाही. रोलो कार्पेंटर यांच्या ‘जॅबरवॅकी’ने तर भेटणाऱ्यांची वाक्येच साठवून ती पुढच्या भेटणाऱ्यांना ऐकवण्याची रीत स्वीकारली.

बोलणे आणि चेहरा यांची पुन्हा गाठ पडली ती व्यापारी संकेतस्थळांवर. ‘आस्क जीव्ह्ज’ या शोधसेवेने १९९७ पासून वुडहाउस यांच्या कथांतील जीव्ह्ज या खासगी सेवकाचे चित्र मिरवले आणि २००६ मध्ये त्याला निवृत्त केले. न्यूयॉर्कच्या ऑडकास्ट कंपनीची ‘साइटपॅल’ सेवा फ्लॅश या चित्रतंत्राने ओठांची हालचाल उच्चाराशी जुळवून बोलका चेहरा पानात बसवून देई, आणि आयकिया या फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ॲना नावाची मदतनीस कित्येक वर्षे ग्राहकांच्या प्रश्नांची उत्तरे देत होती. तंत्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा बदल शांतपणे घडला: पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची सोय, जिला २००५ पासून एजॅक्स हे नाव मिळाले, आणि पुढे २०११ मध्ये प्रमाणित झालेली वेबसॉकेट ही दोन्ही बाजूंनी सतत खुली राहणारी वाट. त्यानंतर पात्र बसवणे म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेली जावास्क्रिप्टची एक-दोन ओळींची चिठ्ठी पानाच्या अखेरीस चिकटवणे, इतके सोपे झाले. चिठ्ठी पान उघडताच कंपनीच्या सर्व्हरवरून उरलेली सामग्री आणते, कोपऱ्यात गोल बटण उभे करते आणि संवाद स्वतःच्या चौकटीत चालवते, त्यामुळे यजमान संकेतस्थळाला आत काय चालले आहे याची वार्ता असेलच असे नाही.

भारतात हे पात्र व्यापक प्रमाणावर पोहोचले ते याच चिठ्ठीच्या काळात. रेल्वेच्या तिकिटांचे संकेतस्थळ चालवणाऱ्या आयआरसीटीसीने २०१८ मध्ये ‘आस्क दिशा’ हे पात्र आणले, तर महाराष्ट्र शासनाच्या ‘आपले सरकार’ या सेवांच्या संकेतस्थळासाठी २०१९ मध्ये मुंबईच्या हॅप्टिक कंपनीच्या सहकार्याने संवादी मदतनीस उभा राहिला. मराठीपुरते बोलायचे तर साच्यांवर चालणाऱ्या जुन्या पात्रांना ही भाषा मुळातच अवघड होती. ‘दाखला’, ‘दाखल्याचा’, ‘दाखल्यासाठी’ ही एकाच शब्दाची रूपे साचा जुळवणाऱ्या यंत्राला तीन निराळे शब्द वाटतात. ‘मी थकले आहे’ हे वाक्य उलटवून ‘तुम्ही थकल्या आहात’ करताना सर्वनामासोबत क्रियापदही बदलावे लागते आणि बोलणारी स्त्री की पुरुष याचाही विचार करावा लागतो. शिवाय समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणावे की ‘आपण’, हे पात्राच्या कर्त्याला आधीच ठरवावे लागते. त्यात अनेक वाचक मराठी रोमन लिपीत, आपापल्या मनाच्या वर्णलेखनाने लिहितात. त्यामुळे अशा पात्रांनी पुष्कळदा वाचकाला लिहूच न देता बटणांवरील पर्याय निवडायला लावले, आणि संवादाच्या वेशात तो पुन्हा अर्जच झाला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ प्रकट झाल्यानंतर ही अडचण बरीच निवळली, कारण प्रचंड मजकुरावर घडवलेली भाषाप्रारूपे साचे जुळवत नाहीत, तर पुढचा शब्द कोणता संभवतो याचा अंदाज बांधत वाक्य रचतात. पात्र घडवण्याची रीत मात्र विलक्षण जुनी निघाली. तू अमुक संस्थेची मदतनीस आहेस, या विषयांवरच बोल, सौम्यपणे बोल, अशा साध्या भाषेतील सूचनांचे टिपण प्रारूपाला संवादाआधी दिले जाते. टिपण बदलले की तेच प्रारूप दुसऱ्या नावाने, दुसऱ्या स्वभावाने बोलू लागते. ‘डॉक्टर’ संहितेचा हा थेट वारस आहे. फरक इतकाच की डॉक्टरचा प्रत्येक नियम वायझेनबाउम यांना माहीत होता आणि नव्या पात्राच्या तोंडून कोणते वाक्य बाहेर पडेल हे त्याच्या कर्त्यालाही आधी सांगता येत नाही.

मराठी रसिकांना शब्दभ्रमाची कला परिचित आहे. यशवंत पाध्ये आणि पुढे रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून अर्धवटराव कितीही आगाऊ बोलला तरी ते बोलणे कुणाचे, याविषयी प्रेक्षागृहात शंका नसे, कारण बोलविता धनी शेजारीच दिसत होता. वेबपानावर तो दिसत नाही, म्हणून अखेर न्यायाधिकरणाला त्याचा शोध घ्यावा लागला. २०२२ मध्ये एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने, निकटवर्तीयाच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला, भाड्यातील सवलत प्रवासानंतरही मागता येईल असे सांगितले. त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर तसे करता येणार नाही, असे लिहिलेले होते. कंपनीने परतावा नाकारला तेव्हा प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी न्यायाधिकरणापुढे गेले, आणि चॅटबॉट ही आपल्या कृतींना स्वतःच जबाबदार असलेली जणू वेगळी व्यक्ती आहे, असे सुचवणारा बचाव तिथे पुढे आला. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयात न्यायाधिकरणाने तो अमान्य केला: चॅटबॉट संवाद करत असला तरी तो संकेतस्थळाचाच भाग आहे, आणि माहिती स्थिर पानावरून मिळाली की चॅटबॉटकडून, याने कंपनीच्या जबाबदारीत काही फरक पडत नाही. एका पानावरील माहिती दुसऱ्या पानाशी ताडून पाहण्याचा भार प्रवाशावर का टाकावा, हेही कंपनीला पटवून देता आले नाही. व्याज आणि शुल्क धरून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर प्रवाशाला देण्याचा आदेश झाला.